यार्ड, रांग सात

कोलंबोहून उतरली तेव्हा काचेवर
पिवळ्या खडूने कुणीतरी लिहिलेला आकडा होता
आणि वायपरखाली एक वाळकं पान,
आपल्याकडच्या कुठल्याच झाडाचं नव्हतं.

चावी माझ्याकडे. मी क्लिअरिंग एजंटचा माणूस.
माझी सही कुठल्याच कागदावर लागत नाही,
फाइल मात्र माझ्याशिवाय टेबल सोडत नाही.

मालक खारघरचे वझेकर, फर्निचरचा धंदा.
फोनवर म्हणाले, कडू, तिकडे लोकांनी
गाड्या विकायला काढल्यात, मातीच्या भावात.
म्हटलं, साहेब, आमच्या उरणात माती पण आता महाग झाली.
ते हसले.
मी विनोद केला नव्हता.

ड्यूटीचा आकडा ऐकून मात्र गप्प झाले.
नाकापेक्षा मोती जड.
तरी म्हणाले, भरतो. पोरीच्या लग्नाला दारात हवी.

मग अ‍ॅप्रेझर मॅडम आल्या.
बॉनेटखाली टॉर्च मारून चासी नंबर वाचला,
पेरांवर महिने मोजले,
पुन्हा मोजले.
तीन वर्षांच्या आतली पाहिजे.
ही निघाली तीन वर्षं अकरा दिवसांची.

मॅडम, म्हटलं, त्यातले बारा दिवस तर ही बाहेर उभी होती,
जहाजाला धक्का मिळेना म्हणून.
त्यांनी चष्मा पुसला.
समुद्रात वय थांबतं का हो, कडू?

वझेकरांचा फोन आधी रोज यायचा,
मग सोमवारी,
मग त्यांच्या मेव्हण्याचा.
लग्न लागलं म्हणे, वाशीच्या हॉलवर,
भाड्याच्या गाडीतून.
यार्डाचं भाडं चढतंय, ते कुणी विचारत नाही.

दर गुरुवारी मी तिला चालू करतो, पाच मिनिटं.
कुणी सांगितलेलं नाही.
बॅटरी मरेल, एवढंच.
गेटवरचा भोईर बघतो आणि दुसरीकडे बघतो.

सीट पुढे ओढलेली आहे, आधीचं माणूस बुटकं असावं.
माझे गुडघे स्टिअरिंगला लागतात.
मी सीट मागे घेतलेली नाही.
दाराच्या खणात जिलबीसारख्या अक्षरांची एक पावती,
लहान मुलीची पिन,
आणि पाच रुपयांचं नाणं. त्यांचाही रुपयाच.
चहावाल्याने उलटंसुलटं करून परत दिलं.

तर, ते स्क्रीनचं.
परवा चालू केली आणि नकाशा उजळला.
तिला ठाऊक असलेले रस्ते सगळे तिकडेच राहिले,
इथे नुसतं निळं.
कडेपासून कडेपर्यंत निळं
आणि मधोमध एक बाण,
हलत नाही, बुडत पण नाही.

बया, म्हटलं, तुला कुणी सांगितलं?

रांग सात म्हणजे आमची तिसरी कोंडी.
मिठागर होतं इथे.
भरतीला बाबा उघाडी वर घ्यायचे,
आणि या जागेवर, जिथे आता टायर टेकलेत,
घोट्याएवढं पाणी येऊन थबकायचं.
मोजणीवाल्यांच्या नकाशात ते नव्हतं.
मोबदल्याच्या कागदात नव्हतं.
सातबारा तर कुणाच्या कपाटात आहे, देव जाणे.
ही परक्या मुलखातली,
कुणी हिला काही विचारलं नाही,
आणि ही सांगते, पाणी.

पाच मिनिटांची वीस झाली.
भोईरने शिटी मारली.

लिलावाची नोटीस लागली आहे, पुढच्या महिन्यातली तारीख.
कुणी घेईल, भंगारात किंवा रस्त्यावर,
आणि नवा नकाशा घालेल आधी.

उतरताना बॉनेटवर हात टेकला.
खाडीच्या वाऱ्याने पांढरा खर धरलाय.
बोट फिरवलं, जिभेला लावलं.
बाबा असते तर थुंकले असते.
म्हणाले असते, कच्चं आहे रे,
आजून दोन ऊन पायजेत.